आंब्याचा आठवडा: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सुट्टीतले हातचे उद्योग, पेटी उघडण्यापासून कोय लावेपर्यंत

मे महिना अर्ध्यावर आला की मला एकाच तऱ्हेचे मेसेज यायला लागतात. "ताई, सोमवारी समुद्र केला, मंगळवारी अंतराळ, बुधवारी डायनासोर. आता काय करू? सात मिनिटांत संपतं हो सगळं." सोबत फोटो असतो. त्यातला ऑक्टोपस अगदी सुबक असतो, कारण तो आईने रात्री अकरा वाजता कापलेला असतो. मुलाने फक्त डोळे चिकटवलेले असतात.

मी डोंबिवलीत घरच्या गॅलरीत दर सुट्टीत सहा मुलं घेऊन बसते. पहिली दोन वर्षं मीही हेच केलं. मग लक्षात आलं की रोज विषय बदलला तर मुलाच्या हाताला कशाचीच नीट ओळख होत नाही. तेव्हापासून माझा नेम ठरला आहे. आठवडाभर एकच वस्तू, आणि तीही घरात असलेली. आधी ती हाताने, नाकाने, जिभेने ओळखायची, मग तिच्याबद्दल बोलायचं आणि कागद अगदी शेवटी काढायचा. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. पहिल्याच दिवशी रंगवायला छापील आंबा दिला की मुलाच्या लेखी आंबा तिथेच संपतो.

खालचा आराखडा सोमवार ते शनिवार असा सहा दिवसांचा आहे. एकट्या मुलासाठीही चालतो, पण शेजारचं एखादं मूल बोलावलंत तर जास्त रंगतो.

## तयारी: आदल्या शनिवार-रविवारची कामं

वेळ. सकाळी साडेआठ ते सव्वानऊ, किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. अकरा ते चार उन्हात काहीही ठेवू नका. पाऊण तासातली शेवटची दहा मिनिटं आवराआवरीची, आणि तीही मुलांनीच करायची. "तुम्ही जा, मी आवरते" म्हणालात की पुढचे पाचही दिवस तुम्हीच आवरत बसाल.

माणसं. एका मोठ्या माणसामागे सहा मुलं, पाण्याच्या आणि पन्ह्याच्या दिवशी चारच. आजी असतील तर त्यांना पन्ह्याच्या दिवशी नक्की बसवा. मात्र "अगं सांडेल, दे इकडे" हे वाक्य त्या दिवसापुरतं बंद, एवढं त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्या.

आंबे. हापूसच हवा असं मुळीच नाही. मी रायवळ आणि पायरी घेते. स्वस्त पडतात, आणि रायवळच्या कोयीला लांब केस असतात, ते पुढे उपयोगी येतात. आंबेवाल्याला सरळ सांगा, "चार आंबे पाच-सहा दिवसांनी तयार होतील असे दे, चार दोन-तीन दिवसांतले दे, आणि दोन मोठ्या कैऱ्या." सगळे तयार आंबे आणलेत तर बुधवारपर्यंत ते पोटात जातात आणि आठवड्याला काही उरत नाही.

बाकी सामान. एक रुंद टोप, परात, सुती जुन्या साड्यांचे तुकडे, पेंढा किंवा वर्तमानपत्र, सुतळी, एक हँगर आणि दोन सारखे डबे, कणीक, मीठ, हळद, गूळ, वेलची, आठ-दहा इंच खोल कुंडी. विकतचं किट काही लागत नाही.

> थांबा. देठाजवळचा चीक कोवळ्या कातडीला लागला की चट्टे उठतात. एका वर्षी मी आंबे न धुता मुलांपुढे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी एकाच्या गालावर लाल डाग दिसला. आता आंबे आणल्यावर देठ तोडून, देठाची बाजू खाली करून चीक गळू देते, मग तासभर पाण्यात ठेवून पुसते. कुणाला आंब्याने पुरळ येतं का, हे पालकांना आधीच विचारा. पेटीत आंबे पिकवायच्या पावडरची पुडी असेल तर तीही मुलं यायच्या आत काढून टाका.

## टप्पा १, सोमवार: पेटी उघडणं आणि अढी घालणं

अढी, म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत घालणं, पहिल्याच दिवशी घालायची. पिकायला दिवस लागतात, आणि आठवड्याची सगळी गंमत त्या वाट पाहण्यात आहे. बरेच जण ती गुरुवारी आठवते तेव्हा घालतात आणि शनिवारी कडक आंबा हातात येतो.

1. झाकलेली पेटी मध्ये ठेवा. उघडण्याआधी फक्त वास. "आत काय असेल?" एवढंच विचारा.
2. एकेक आंबा मुलांनी काढून साडीवर ठेवायचा. मोजणी इथेच. तीन वर्षांचं मूल आकडे घडाघडा म्हणतं, पण आंबे मोजताना एकाच आंब्यावर तीन आकडे टाकतं. चूक दाखवू नका. "हात लावलेला आंबा या बाजूला ठेव" म्हणा, मोजणी आपोआप जुळते.
3. लहान ते मोठा अशी रांग लावणं. तीन वर्षांच्यांना तीन आंबे, पाच वर्षांच्यांना सहा.
4. हँगरच्या दोन टोकांना डबे लटकवून तागडी करा. एका डब्यात आंबा, दुसऱ्यात बटाटे. "आंबा किती बटाट्यांचा?" या एका प्रश्नावर माझी मुलं वीस मिनिटं काढतात.
5. आता अढी. टोपल्यात किंवा खोक्यात पेंढ्याचा थर, त्यावर आंबे देठ खाली करून, एकमेकांना न चिकटवता, वर पुन्हा पेंढा, वर गोणपाट किंवा साडी. एक कडक आंबा मुद्दाम फ्रीजमध्ये ठेवा.

फ्रीजमधला आंबा का पिकत नाही, हे शनिवारी मुलं स्वतःच विचारतील. आज सांगून टाकू नका.

> पडताळा. अढी रोज उघडायची, पण फक्त वास घ्यायला. सहा मुलांनी रोज दाबले तर शनिवारी आंबे आतून काळे निघतात. त्यापेक्षा एक वेगळा "दाबायचा आंबा" बाहेर ठेवा, सगळी दाबादाबी त्याच्यावर.

## टप्पा २, मंगळवार: बुडतं की तरंगतं

हा दिवस घरोघरी सपाट होतो. आई विचारते, "सांग, बुडेल की तरंगेल?" मूल काहीतरी म्हणतं, आई म्हणते, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" झाला खेळ.

एका वर्षी मी मुलांना आधीच ऐकवलं होतं की कच्चा आंबा तरंगतो आणि पिकलेला बुडतो. टोपात सगळेच बुडाले. साडेचार वर्षांची एक मुलगी टोपात वाकून बघत म्हणाली, "ताई, तुझं खोटं निघालं." पूर्ण भरलेली कैरी हिरवी असली तरी बुडतेच. पाण्यावर राहते ती कोवळी, आत न भरलेली. आंबा काढणारे लोक याच खुणेवरून कैरी तयार झाली का ते बघतात. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि बरंच झालं. त्या दिवशी मुलांनी जेवढे प्रश्न विचारले तेवढे नंतर कधी विचारले नाहीत.

क्रम असा ठेवा:

1. आधी पाणी नुसतं. हात बुडवू द्या, पाच मिनिटं खेळू द्या. हा टप्पा गाळलात तर पुढे सगळे पाणीच उडवत बसतात.
2. मग सोपी जोडी: आंब्याचं पान आणि स्टीलचा चमचा.
3. मग बटाटा, कैरी, आंबा. प्रत्येक मूल वस्तू हातात तोलून अंदाज सांगतं, आणि मगच ती पाण्यात सोडतं. अंदाज चुकला तर "अरेच्चा!" एवढंच म्हणायचं.
4. नारळ शेवटी. सगळ्यांत जड, म्हणून सगळे "बुडेल" म्हणतात, आणि सोललेला पाण्याचा नारळ सहसा तरंगतो. इथे गॅलरीत कमालीची शांतता होते. आदल्या रात्री एकदा स्वतः बघून ठेवा.
5. पाच-सहा वर्षांच्यांसाठी स्टीलची वाटी. सरळ ठेवली तर तरंगते, तिरकी केली तर बुडते. कारण समजावत बसू नका, वाटी त्यांच्या हातात राहू द्या.

> थांबा. टोप किंवा बादली भरलेली असताना फोन घ्यायला आत जाऊ नका. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळ संपताच पाणी झाडांना घालून टोप पालथा करा. लाद्या पुसूनच पुढचं काम.

## टप्पा ३, बुधवार: पन्हं

आठवड्यातला माझा सर्वांत आवडता दिवस. मात्र निम्मं काम आदल्या रात्री उरकायचं. दोन मोठ्या कैऱ्या कुकरमध्ये डब्यात ठेवून दोन-तीन शिट्ट्यांत मऊ उकडा आणि पूर्ण गार होऊ द्या. सकाळी मुलांसमोर उकडायला बसलात तर त्यांना अर्धा तास कुकरकडे बघण्यापलीकडे काही उरत नाही, शिवाय वाफेची धास्ती.

1. हात धुणं. साबणाने, कोपरापर्यंत. हेही कामातच मोजायचं.
2. एक कच्ची कैरीची फोड आणि एक उकडलेली कैरी शेजारी ठेवा. बोटाने दाबून बघू द्या.
3. उकडलेल्या कैरीची साल बोटांनी सोलणं. तीन वर्षांचं मूलही हे करतं. गर कोयीपासून हातानेच सुटतो, चमचा देऊ नका.
4. परातीत गर हाताने कुस्करणं. दोन मिनिटं किळस, मग थांबायचं नाव नाही. एखाद्याला नकोच असेल तर त्याच्या हाती पळी द्या, बळजबरी नको.
5. आता तीन चवी, चाखायच्या चमच्यांनी: नुसता गर, मग गर आणि किंचित मीठ, मग गर आणि गूळ. प्रत्येक चवीला चेहरा कसा होतो ते एकमेकांचं बघायचं. "आंबट" हा शब्द इथे लागतो. तो पाटीवर शिकवावा लागत नाही.
6. गूळ किसलेला किंवा बारीक चिरलेला हवा. एक वाटी गराला साधारण दीड वाटी. वाटी मुलांनीच भरायची, काठाशी सपाट करायची. मोजमाप शिकवायला याहून बरा धडा मला सापडलेला नाही.
7. चिमूटभर मीठ, वेलची. हा गोळा दोन-तीन चमचे पेल्यात घालून गार पाणी, मग ढवळणं.
8. ओतणं. छोटा तांब्या, रुंद पेला आणि खाली परात. सांडू द्या.

साडेतीन वर्षांचा एक मुलगा घरी पाणीसुद्धा आईच्या हातून प्यायचा. त्या दिवशी त्याने सहा पेले ओतले. चौथ्या पेल्याला त्याने दुसरा हात तांब्याखाली धरला, कुणी सांगितलं नव्हतं. त्याची आई दारात उभी राहून "पडेल हं, पडेल" म्हणत होती. मी तिच्या हातात एक पेला दिला आणि प्यायला लावलं.

> पडताळा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना सुके दाणे, चिंचोके, वाल वाटीत देऊ नका, मोजायलाही नको. नाकात आणि घशात जातात. सुट्टीच्या उपक्रमांच्या याद्यांत "चिंचोके मोजा" हमखास असतं, ते गाळा.

## टप्पा ४, गुरुवार: पानं

हा दिवस हलका ठेवा, बुधवारी सगळे दमलेले असतात. आंब्याची ताजी पानं दहा-पंधरा आणा, झाड ओरबाडू नका. पान उलटं करून शिरा बोटाने चाचपणं, पान चुरगळून वास घेणं, पानाखाली हात ठेवून पानाची लांबी किती वितीएवढी ते बघणं.

मग तोरण. पानाचा देठाकडचा भाग सुतळीवर दुमडायचा आणि हिरीच्या (खराट्याच्या काडीच्या) तुकड्याने टोचून बसवायचा. टोचण्याचं काम पाच-सहा वर्षांच्यांचं, दुमडून धरण्याचं तीन-चार वर्षांच्यांचं. तोरण वाकडंतिकडं होतं. ते तसंच दाराला लावा, रात्री सरळ करू नका. मुलाच्या ते सकाळी पहिल्यांदा लक्षात येतं, आणि पुढच्या वेळी ते काम तुमच्याकडेच सरकवतं.

## टप्पा ५, शुक्रवार: कणकेचा आंबा आणि मग कागद

मळायचा गोळा. दोन वाट्या कणीक किंवा मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, अर्धा चमचा हळद, आणि पाणी थोडं थोडं करत पाऊण वाटीच्या आसपास. इथली चूक ठरलेली: पाणी एकदम ओतलं जातं आणि गोळा हाताला चिकटतो. चिकटलाच तर सुकी कणीक द्या आणि मुलालाच मळत बसवा. गोळा डब्यात घालून फ्रीजमध्ये चार दिवस टिकतो. आमच्या दमट हवेत बाहेर ठेवला तर ओलसर होऊन चिकटायला लागतो. हा गोळा खाण्याचा नाही, मीठ फार आहे, हे सुरुवातीलाच सांगा.

मध्ये खरा आंबा ठेवा, तुम्ही केलेला कणकेचा आंबा नको. तुमचा नमुना समोर असला की मुलं आंबा बघत नाहीत, तुमची नक्कल करतात.

हळदीचा एक खेळ याच दिवशी बसतो. पांढऱ्या फडक्याला हळदीचं पाणी लावा, वाळू द्या. मग मुलांनी साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर रेघ ओढायची. पिवळ्यावर तांबडी रेघ उठते. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. कुणी चुना वापरायला सांगेल, रंग जास्त खुलतो म्हणून. चुना मुलांच्या जवळपासही नको, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

आणि आता, पाचव्या दिवशी, कागद आणि खडू. "आंबा काढ" एवढंच सांगा. छापील बाह्यरेषा देऊ नका. ज्या मुलांनी चार दिवस आंबा हाताळलेला असतो ती पिवळा गोळा काढून थांबत नाहीत. गेल्या वर्षी एकाने हिरवा आंबा काढला, खांद्याला लाल, देठाशी काळा ठिपका आणि तिथून खाली ओघळ. मी विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "चीक. हात लावू नको." सोमवारी मी सांगितलेलं त्याच्या कागदावर उतरलं होतं. त्याच्या आईला मात्र वाटलं की चित्र घाण झालंय. तिने ते खोडायला सांगायच्या आत मी भिंतीवर लावून टाकलं.

> थांबा. घ्यायला आलेल्या पालकांनी "आज काय शिकलास?" विचारू नये, मूल खांदे उडवतं. "हाताला कसला वास येतोय?" विचारा आणि पुढचं ऐका.

## टप्पा ६, शनिवार: अढी उघडणं, चोखणं, कोय

जुने कपडे घालूनच पाठवा, हा निरोप शुक्रवारीच द्या.

1. अढी उघडा. फ्रीजमधला आंबा शेजारी ठेवा. बोलणं मुलांचं, तुम्ही ऐका.
2. रायवळ चोखून खायचे. टोकाकडून भोक पाडून देणं तुमचं काम, पिळणं त्यांचं. हापूस असेल तर कापून बघा. आत पांढरा घट्ट साका निघाला तर तोही दाखवा, पण खायला देऊ नका.
3. कोयी धुणं. इथे दोन वाटण्या करा, आणि ही वाटणी सगळ्यांत जास्त वेळा चुकते. लावायच्या कोयी फक्त दिवसभर सावलीत ठेवायच्या. ज्यांचे खेळातले केसाळ आजोबा करायचे त्या कोयी उन्हात खडखडीत वाळवायच्या, मग जुन्या ब्रशने केस विंचरून त्यांना डोळे काढायचे. बहुतेक घरांत सगळ्याच कोयी गच्चीवर वाळतात आणि जूनमध्ये मातीत जातात. त्या उगवत नाहीत, आंब्याचं बी वाळलं की मरतं.
4. दुसऱ्या दिवशी कोयीची कड मोठ्यांनी जाड कात्रीने उघडायची आणि आतलं बी काढायचं. कधीकधी आतून काळा भुंगाही निघतो, घाबरू नका. मुलांच्या लेखी तो आठवड्यातला सर्वोत्तम क्षण असतो.
5. कुंडीत माती मुलांनी भरायची. बियाची आत वळलेली बाजू खाली, वर इंचभर माती, पेलाभर पाणी. कुंडीवर मुलाचं नाव आणि आजची तारीख.

"याला हापूस लागतील" असं वचन देऊ नका. कोयीच्या झाडाला तेच आंबे येतील याची खात्री नसते, म्हणून तर कलमं करतात.

अंकुर यायला दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर रोज पाणी नको, माती बोटाने चाचपायची, कोरडी लागली तरच. कुंडी सावलीत. जूनमध्ये, शाळा उघडायच्या सुमाराला, मला फोन येतात: "ताई, रोप उगवलं पण सुकलं हो. पानं तांबडी होऊन लोंबतायत. मी दोनदा पाणी घातलं." पाणी थांबवा. आंब्याची कोवळी पानं तांबूस आणि लोंबतीच असतात, काही दिवसांत ती सरळ आणि हिरवी होतात.